वॉकी-टॉकीचा पल्ला आणि रिपीटरची जबाबदारी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

वैयक्तिक वापराच्या वॉकी-टॉकी संचांविषयी आपल्या वृत्तपत्रात आणि इतरत्रही अधूनमधून मजकूर येतो. त्यात बहुधा दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. पहिली, अमुक संचाचा पल्ला अमुक किलोमीटर आहे; आणि दुसरी, तो अपुरा पडला तर रिपीटर बसवावा म्हणजे प्रश्न मिटतो. बिनतारी यंत्रणांशी दीर्घकाळ संबंध असलेला वाचक म्हणून या दोन्ही विधानांबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. पहिले विधान बहुतेक वेळा निरर्थक असते. दुसरे खरे आहे, पण त्यातला अर्धाच भाग सांगितला जातो. रिपीटर हे संचाला जोडायचे एखादे उपकरण नसून, एका संचाचा आवाज ऐकून तो इतरांपर्यंत पोहोचवणारे, उंचावर उभारलेले आणि अनेकांनी मिळून वापरायचे एक स्वतंत्र केंद्र असते. ते चालवण्यासाठी परवानगी लागते, जोपासना लागते आणि त्याला उत्तरदायी असणारे माणूस लागते, हे आधी सांगितले गेले तर पुष्कळांचा खर्च आणि मनस्ताप वाचेल.

प्रथम पल्ल्याविषयी. असे संच प्रामुख्याने ४४० ते ४८० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. या लहरींची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते आणि त्या मुख्यतः सरळ रेषेत जातात. मध्यम किंवा लघुलहरींप्रमाणे जमिनीला बिलगून किंवा आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन त्या दूर पोहोचतील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे पृथ्वीची वक्रता हीच त्यांची पहिली मर्यादा ठरते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की तिचे रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. वातावरणात लहरी किंचित खाली वाकतात, म्हणून हे अंतर डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडे अधिक असते. उभ्या माणसाच्या हातातील संचाची अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर धरली, तर तिचे क्षितिज ५ किलोमीटर येते. समोरच्याचेही तेवढेच धरले तरी दोघांमधले अंतर १० किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि तेसुद्धा पाण्यासारख्या सपाट पृष्ठभागावर. प्रत्यक्षात मध्ये झाडी असते, इमारती असतात, जमिनीचे चढउतार असतात. दाट वस्तीत हातातल्या संचावरून एक-दोन किलोमीटरवर स्पष्ट बोलता आले तरी समाधान मानावे. मग खोक्यावर छापलेले ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर, येतात कुठून? एक माणूस डोंगरमाथ्यावर, दुसरा खालच्या मोकळ्या मैदानात आणि दोघांमध्ये काहीच आड नाही, अशा परिस्थितीत ते शक्य असते. आकडा खोटा नसतो. मात्र तो संचाचा गुण नसून डोंगराचा असतो.

पल्ला अपुरा पडला की सर्वसाधारण ग्राहक अधिक वॅटचा संच शोधू लागतो. हा मार्ग किती तोकडा आहे, हे थोड्या हिशेबाने कळते. मोकळ्या अवकाशात लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून पल्ला दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. जमिनीलगत मात्र थेट येणारी लहर आणि जमिनीवरून परावर्तित होऊन येणारी लहर एकमेकींना बऱ्याच अंशी मारक ठरतात आणि तीव्रता अंतराच्या चौथ्या घाताने घसरते. म्हणजे पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळा पट हवी. ५ वॅटऐवजी ५० वॅट वापरले तर शक्ती दहापट झाली, पण पल्ला पावणेदोन पटींच्या आसपासच वाढला, आणि तोही क्षितिज आड येत नसेल तरच. शिवाय एवढ्या शक्तीचा संच हातात धरून डोक्याजवळ वापरणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही आणि त्याला पुरणारी बॅटरी खिशात मावत नाही. याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही: जमिनीलगतच्या या परिस्थितीत अँटेनाची उंची दुप्पट केली तर शक्ती चौपट केल्याइतका लाभ होतो, आणि तो लाभ बोलताना मिळतो तसाच ऐकतानाही मिळतो. दीड मीटरवरची अँटेना सहा मीटरवर नेणे हे शक्ती सोळा पट करण्यासारखे आहे. त्यासाठी वीज लागत नाही, बांबू लागतो.

रिपीटरचे सारे सामर्थ्य या उंचीत आहे. भोवतालच्या प्रदेशापेक्षा १०० मीटर उंच जागी अँटेना उभारली तर तिचे क्षितिज ४१ किलोमीटर होते. ४०० मीटर उंचीला ते ८२ किलोमीटर होते. दीड मीटर उंचीवरच्या संचाचे पाच किलोमीटर त्यात मिळवले, की १०० मीटर उंचीच्या रिपीटरच्या दोन विरुद्ध बाजूंना उभी असलेली माणसे एकमेकांपासून ९० किलोमीटर दूर असूनही तत्त्वतः बोलू शकतात, कारण दोघांनाही एकमेकांपर्यंत पोहोचण्याची गरज उरत नाही. प्रत्येकाने रिपीटरपर्यंत पोहोचले की पुरे. याचे टोकाचे उदाहरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे. तेथे हौशी रेडिओचालकांसाठी २०२० पासून एक रिपीटर कार्यरत आहे. तो १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असल्याने त्याच्या दृष्टिक्षेत्राची त्रिज्या २,००० किलोमीटरहून अधिक असते, आणि ते डोक्यावरून जात असताना, साधारण दहा मिनिटांच्या अवधीत, ५ वॅटचा हातातला संच आणि एक छोटी दिशादर्शक अँटेना एवढ्या साधनांवर लोक एका देशातून दुसऱ्या देशात बोलतात. त्या ५ वॅटमध्ये काही विशेष नसते. मध्ये आडोसा नसतो, एवढेच.

आता रिपीटर प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. तो एका वारंवारतेवर (फ्रिक्वेन्सीवर) येणारा आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो. अमेरिकेतील जीएमआरएस या वैयक्तिक रेडिओ सेवेत वापरणाऱ्यांचे संच ४६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात आणि ४६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकतात. दोन्हींमध्ये बरोबर ५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते. म्हणून संच घेताना तो बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी वेगवेगळ्या वारंवारता ठेवू शकतो का, हे विचारावे लागते. सर्वांत साधे संच एकाच वारंवारतेवर दोन्ही कामे करतात, आणि अशा संचांना कितीही चांगला रिपीटर उपयोगी पडत नाही. दुसरी अट टोनची. संच बोलताना आवाजाबरोबर ६७ ते २५४.१ हर्ट्झमधील एक मंद स्वर पाठवतो. तो ऐकणाऱ्याला जाणवत नाही, पण रिपीटर तो ओळखला तरच उघडतो, त्यामुळे भटक्या लहरींनी किंवा विजेच्या खरखरीने यंत्र विनाकारण चालू होत नाही. काही कंपन्या या स्वराला गोपनीयतेची सोय म्हणून खपवतात, ते साफ चुकीचे आहे. ज्याने आपल्या संचावर टोनची अट ठेवलेली नाही, त्याला सगळे बोलणे ऐकू येते.

एका वारंवारतेवर ऐकायचे आणि दुसरीवर बोलायचे, इतके हे वर्णन सोपे वाटते, म्हणून पुष्कळ उत्साही लोक दोन स्वस्त हँडसेट एका तारेने जोडतात, एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या मायक्रोफोनला देतात आणि रिपीटर तयार झाला असे समजतात. मेजावर तो चालतोही. उंचावर नेल्यावर त्याचा पल्ला एका साध्या संचाहूनही कमी निघतो, आणि मग दोष त्या जागेला दिला जातो. खरे कारण वेगळे आहे. चांगला ग्राहक, म्हणजे ऐकणारा भाग, ०.२ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संकेत ऐकू शकतो. त्याच्यापासून हातभर अंतरावर प्रक्षेपक त्याच वेळी २५ वॅट शक्तीने ओरडत असतो. या दोन शक्तींचे प्रमाण काढले तर प्रक्षेपकाची शक्ती त्या क्षीण संकेताच्या सुमारे तीन कोटी अब्ज पट भरते. वारंवारता वेगळ्या असल्या तरी एवढ्या प्रचंड फरकापुढे ग्राहक दबून जातो. शिवाय प्रक्षेपकाच्या मुख्य लहरीच्या दोन्ही बाजूंना थोडा गोंगाट पसरलेला असतोच आणि तो थेट ऐकण्याच्या वारंवारतेवर येऊन पडतो. परिणामी रिपीटर बोलू लागला की त्याच क्षणी बहिरा होतो. जवळच्यांचे त्याला ऐकू येते, लांबच्यांचे येत नाही, आणि लांबच्यांसाठीच तर तो बसवलेला असतो.

यावर उपाय म्हणजे डुप्लेक्सर. धातूच्या नळकांड्यांसारख्या पोकळ्यांची ती एक मालिका असते. प्रत्येक पोकळी एका विशिष्ट वारंवारतेला जाऊ देते आणि दुसरीला अडवते, त्यामुळे एकाच अँटेनावरून एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे शक्य होते. दोन्ही वारंवारतांमधले अंतर जितके कमी, तितके हे काम अवघड. ४६० मेगाहर्ट्झजवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असले तर तुलनेने लहान डुप्लेक्सर पुरतो. १४५ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात अंतर अवघे ६०० किलोहर्ट्झ असते, म्हणून तेथे माणसाच्या कमरेपर्यंत येणाऱ्या पोकळ्या वापरलेल्या दिसतात. डुप्लेक्सर विकत आणून तसाच जोडून भागत नाही. तो आपल्या नेमक्या दोन वारंवारतांवर योग्य उपकरणाने जुळवून घ्यावा लागतो, आणि चॅनेल बदलला तर पुन्हा जुळवावा लागतो. डुप्लेक्सर टाळायचा असेल तर दोन वेगळ्या अँटेना लावता येतात. मात्र त्या शेजारीशेजारी न लावता एकाच मनोऱ्यावर एकीखाली एक लावाव्यात, कारण उभ्या अँटेनाच्या थेट वर आणि थेट खाली फार कमी ऊर्जा जाते आणि थोड्या उभ्या अंतरातही बरेच विलगीकरण मिळते. उष्णतेचा प्रश्न याहून साधा, पण तितकाच घातक आहे. हातातला संच थोडा वेळ बोलण्यासाठी आणि पुष्कळ वेळ ऐकण्यासाठी बनवलेला असतो. रिपीटर मात्र प्रत्येकाच्या बोलण्याच्या वेळी बोलत असतो, म्हणून गर्दीच्या वेळी तो जवळजवळ सलग प्रक्षेपण करतो. त्यासाठी न बनवलेला संच तापतो, त्याची शक्ती घसरते आणि शेवटी तो निकामी होतो.

केबलकडे होणारे दुर्लक्षही असेच महागात पडते. बोटाहून बारीक, आरजी-५८ नावाने मिळणारी केबल या वारंवारतेवर ३० मीटर लांबीत ९ ते १० डेसिबल गिळते, म्हणजे खाली २५ वॅट दिले तर वर अँटेनाला जेमतेम तीन वॅट मिळतात. तितक्याच लांबीच्या, कमी नुकसानीच्या जाड केबलमध्ये तीनएक डेसिबल, म्हणजे सुमारे निम्मी शक्ती जाते. प्रक्षेपणात झालेले नुकसान शक्ती वाढवून एक वेळ भरून काढता येते. पण अँटेनाने पकडलेला क्षीण आवाज केबलमध्येच विरला, तर खाली बसवलेले कोणतेही यंत्र तो परत आणू शकत नाही. अँटेनाच्या निवडीतही एक खोच आहे. अधिक गेनची, म्हणजे ठरावीक दिशेला संकेत अधिक जोरात पाठवणारी, अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही. वर-खाली जाणारी ऊर्जा काढून ती क्षितिजाच्या दिशेने दाबते. सपाट प्रदेशात हे उत्तम. पण उंच कड्यावर अशी अँटेना लावली तर तिचा झोत क्षितिजाकडे निघून जातो आणि पायथ्याच्या दरीतल्या माणसांना, जी सर्वांत जवळ असतात, कमी गेनच्या साध्या अँटेनाहूनही वाईट ऐकू येते. महाग वस्तू म्हणजे योग्य वस्तू, हा समज इथे पुरता फसतो.

रिपीटरच्या शक्तीबद्दलही असेच आहे. समजा रिपीटर ५० वॅटचा आहे आणि माणसांच्या हातातले संच ५ वॅटचे. रिपीटरचा आवाज खाली येताना दहापट शक्तीने येतो, वर जाणारा आवाज मात्र ५ वॅटनेच जातो. अशा वेळी पल्ल्याच्या कडेवर असलेल्या माणसाला सगळे स्वच्छ ऐकू येते, पण त्याने हाक मारली तर ती कुणालाच पोहोचत नाही, आणि आपले कुणीच ऐकत नाही हे त्याला उशिरा समजते. संकटात सापडलेल्याच्या दृष्टीने ही काहीच ऐकू न येण्याहून धोकादायक अवस्था आहे, असे माझे मत आहे; कारण काही ऐकू आले नाही तर माणूस निदान जागा बदलून पाहतो. रेडिओच्या जगात अशा यंत्राला मगर म्हणतात: जबडा मोठा आणि कान नाहीत. म्हणून वॅट वाढवण्याआधी कान सुधारावेत. चांगली केबल, नीट जुळवलेला डुप्लेक्सर, गोंगाटापासून दूरची जागा आणि संवेदनक्षम ग्राहक यांवर खर्च करावा आणि शक्ती दोन्ही बाजूंचा तोल राहील एवढीच ठेवावी. दिव्यांची व पंपांची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे, सौर यंत्रणांचे इन्व्हर्टर आणि आसपासची इतर प्रक्षेपक यंत्रे यांचा गोंगाट कित्येकदा सर्वांत उंच जागेलाच निरुपयोगी ठरवतो. थोडी कमी उंच, पण शांत जागा तिच्यापेक्षा बरी.

रिपीटरने सुटत नाहीत अशा गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. रिपीटर आणि माणूस यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली तर तो माणूस छायेत जातो; त्याला दुसरा रिपीटर लागतो किंवा शंभर पावले चालावे लागते. एका वेळी एकच संभाषण होऊ शकते. दोघे एकदम बोलले तर या संचांत वापरल्या जाणाऱ्या एफएम पद्धतीच्या स्वभावानुसार प्रबळ संकेत जिंकतो आणि दुसरा नाहीसा होतो, किंवा दोन्ही मिळून निव्वळ चिरका आवाज उरतो. पूर्वी दोन किलोमीटरच्या आत असलेली माणसे आपसांत बोलत होती. आता पन्नास किलोमीटरमधली सगळी माणसे एकाच चॅनेलवर येतात, त्यामुळे जे अंतर थेट बोलून भागेल त्यासाठी रिपीटर अडवून ठेवू नये. बटण दाबल्यावर अर्धा-एक सेकंद थांबून मग बोलावे, कारण टोन ओळखून रिपीटर उघडायला तेवढा वेळ लागतो. हे माहीत नसलेल्या माणसाच्या वाक्याचा पहिला शब्द नेहमी गळतो, आणि ‘येऊ नका’ हे दुसऱ्या टोकाला ‘नका’ एवढेच पोहोचते.

डुप्लेक्सरचा व्याप नको असेल त्यांच्यासाठी एकाच वारंवारतेवर चालणारे रिपीटरही असतात. ते आधी पूर्ण निरोप ध्वनिमुद्रित करतात आणि बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर तोच निरोप पुन्हा ऐकवतात. प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ लागतो आणि जवळच्यांना सगळे दोनदा ऐकावे लागते, म्हणून गप्पांसाठी ते निरुपयोगी आहेत; परंतु मोजके निरोप द्यायचे असतील, विजेची टंचाई असेल आणि यंत्र पाठीवर वाहून न्यायचे असेल तर मी त्यांना कमी लेखणार नाही. अर्थात, त्यांनाही कायद्याची परवानगी लागतेच.

हा कायद्याचा भाग बहुतेक लेखांत गाळला जातो, म्हणून तो मुद्दाम मांडतो. रिपीटर लावता येईल का, हे संचावर नव्हे तर तो ज्या सेवेत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या वापराच्या वर्गात, मोडतो तिच्यावर अवलंबून असते. अमेरिकेत एफआरएस ही विनापरवाना सेवा १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्या संचांना शक्तीची मर्यादा २ वॅट आहे, अँटेना संचाला कायमची जोडलेली असावी लागते आणि रिपीटर वापरता येत नाही. तेथीलच जीएमआरएस सेवेत परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी परीक्षा नसते, आणि रिपीटरसाठी ठरवलेल्या वारंवारतांच्या आठ जोड्यांवर ५० वॅटपर्यंत मुभा आहे. दोन्ही सेवांचे बरेच चॅनेल सामाईक आहेत, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. युरोपातील पीएमआर-४४६ सेवेत परवाना लागत नाही, पण शक्ती अर्ध्या वॅटच्या पुढे जाऊ देत नाहीत, अँटेना बदलू देत नाहीत आणि रिपीटरला मनाई आहे. भारतातही ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा २०१८ च्या नियमांनी अल्प शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त झाला. ही सूट कमी पल्ल्याच्या उपकरणांसाठी आहे, उंचावरच्या प्रक्षेपण केंद्रासाठी नव्हे. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट निवडली. तेथे ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सीबी (सर्वसामान्य नागरिकांसाठीच्या) सेवेत सामान्य माणूस वैयक्तिक परवान्याविना ५ वॅटचा संच वापरतो आणि रिपीटरही वापरू शकतो. १ ते ८ हे चॅनेल ३१ ते ३८ या चॅनेलांशी जोडलेले असतात, आणि पाचवा व पस्तिसावा चॅनेल आणीबाणीसाठी राखून ठेवलेला आहे. मात्र रिपीटर उभारणाऱ्याला वेगळा परवाना घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियाची ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते. अनेक जण अशा निर्बंधांना नोकरशाहीची आडमुठी वृत्ती म्हणतात, आणि कधीकधी ते तसे असतीलही. पण यामागचा विचार समजून घेतला पाहिजे. अर्ध्या वॅटचे संच एकमेकांपासून काही किलोमीटरवर तोच चॅनेल बिनबोभाट वापरू शकतात. हीच त्या सेवेची खरी क्षमता असते. त्यातल्या एकाने डोंगरावर रिपीटर उभा केला की त्या क्षणापासून हजारो चौरस किलोमीटरमधला तो चॅनेल त्याच्या ताब्यात जातो, आणि ज्यांना आपला संच का चालत नाही हे कळण्याचेही साधन नाही अशा माणसांची सोय त्याच्या सोयीपायी बुडते. म्हणून वापरणाऱ्याला मोकळीक आणि उभारणाऱ्याला जबाबदारी, हे तत्त्व योग्य आहे. ज्यांना तांत्रिक प्रयोग करायचे आहेत त्यांच्यासाठी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेण्याचा मार्ग बहुतेक देशांत खुला आहे.

जबाबदारी म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट असावे. एखाद्याच्या संचाचे बटण बसण्याच्या जागेखाली दबून राहिले, तर रिपीटर तासन्‌तास त्याच्या गाडीचा आवाज प्रक्षेपित करत राहील. म्हणून ठरावीक वेळेनंतर, सहसा तीन मिनिटांनी, प्रक्षेपण आपोआप तोडणारा टायमर असलाच पाहिजे. रिपीटर दुरून बंद करण्याची सोय हवी आणि ती कुणाच्या हातात आहे, हे सर्वांना ठाऊक हवे. उंच मनोऱ्याला भूसंपर्कन (अर्थिंग) हवे आणि केबलवर कोसळणाऱ्या विजेपासून रक्षण करणारा वीजरोधक हवा. परवाना ज्याच्या नावाचा आहे त्याने यंत्राची ओळख-खूण नियमाप्रमाणे प्रक्षेपित होते की नाही, हे पाहिले पाहिजे. यातले एकही काम रोमहर्षक नाही, आणि म्हणूनच पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरल्यावर कित्येक रिपीटर मुके पडतात.

आपत्तीच्या काळाचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो योग्यच आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्टो रिकोतील मोबाइलचे सुमारे ९५ टक्के मनोरे बंद पडले होते. अशा वेळी कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर अवलंबून नसलेले साधन मोलाचे ठरते. परंतु वादळाने मोबाइलचा मनोरा पडतो तसा रिपीटरचाही पडू शकतो, आणि वीज गेली की दोन्ही सारखेच. रिपीटरला बॅटरी किती तास पुरेल, याचा हिशेब कागदावर मांडता येतो: २५ वॅटचे यंत्र बोलताना १२ व्होल्टवर साधारण ६ अँपिअर आणि नुसते ऐकताना अर्धा अँपिअर घेते असे धरले आणि ते एक पंचमांश वेळ बोलत राहिले, तर सरासरी १.६ अँपिअर होतात. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची ठरवली, तर तीस तास मिळतात. संकटाच्या दिवशी मात्र लोक पाचातला एक मिनिट बोलत नाहीत, तीन मिनिटे बोलतात. मग तेच तास तेराच्या आसपास येतात. म्हणून वर्षातून निदान एकदा मुख्य वीजपुरवठा तोडून यंत्र खरोखर किती वेळ चालते, हे मोजावे आणि प्रत्येक सदस्याला रिपीटरविना थेट बोलण्याचा चॅनेल पाठ असावा. केवळ रिपीटरवर विसंबलेला गट रिपीटर पडल्यावर एकमेकांपासून दोन किलोमीटरवर असूनही गप्प बसतो.

एवढे सगळे वाचून कुणी नाउमेद होऊ नये. योग्य जागी, योग्य परवानगीने आणि नीट जुळवून बसवलेला रिपीटर काही किलोमीटरच्या संचांना विस्तीर्ण प्रदेशात उपयोगी करतो, आणि त्यासाठी वापरणाऱ्यांना नवे किंवा अधिक शक्तीचे संच घ्यावे लागत नाहीत, हे त्याचे मोठे श्रेय आहे. फक्त यंत्र निवडण्याआधी जागा निवडावी. त्याची कसोटी सोपी आहे आणि तिला नव्या खर्चाची गरज नाही. कायद्याने परवानगी असलेला साधा हातातला संच घेऊन एकाने नियोजित उंचीवर उभे राहावे. इतरांनी जेथे जेथे प्रत्यक्षात संपर्क लागणार आहे तेथे तेथे, घाटाच्या वळणांवर, इमारतींच्या आत, दरीच्या तळाशी, जाऊन हाक द्यावी आणि वर ऐकू आले की नाही, खाली उत्तर आले की नाही, या दोन्ही गोष्टी नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी नोंदवाव्यात. हा प्रयोग शक्य तर पावसाळ्यात, झाडे पानांनी भरलेली असताना, पुन्हा करावा, कारण ओल्या पालवीतून या लहरी अधिक क्षीण होतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की रिपीटर हवा की नको, हवा असल्यास एक पुरेल की दोन, आणि कोणत्या वस्तीत संपर्क कधीच लागणार नाही, हे खरेदीची यादी करण्याआधीच दिसते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक